सुटी टोकं

१८१८ साल. मुंबईची गोदी. पायाखाली सागवानी फळ्या, नाकात डांबराचा वास. जमशेटजी वाडियांनी ब्रिटिश आरमारासाठी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट गेल्या १२ ऑक्टोबरला पाण्यात उतरली. आता दोरांचं काम चाललंय.

एक खलाशी नुकताच कापलेला दोर तुमच्या हातात देतो. टोकाला पेड फुटायला लागलेत. पिळून बसवलेत की क्षणभर बसतात, सोडलेत की पुन्हा विस्कटतात. तो मेण लावलेला दोरा काढतो, टोकाशी वेढ्यावर वेढे आवळतो आणि दोऱ्याचं स्वतःचं टोकही आत दडवतो. तुम्ही करून बघता, बोटं सोलवटतात. न बांधलेलं टोक आज नुसतं गबाळं दिसतं. भर वाऱ्यात तेच कप्पीत अडकलं, तर शीड खाली घेता येणार नाही.

इंग्रजीतले ‘लूज एंड्स’ ते हेच, असं तुम्हाला वाटणारच. पण हा शब्दप्रयोग जॉन हेवूडच्या १५४६च्या म्हणींच्या संग्रहातही सापडतो, आणि सुटी टोकं विणकराकडेही असतातच. खलाशांनी एकट्यांनी हक्क सांगू नये.

काम उरकलंय, किरकोळ बाबी राहिल्यात, तिथेच हा शब्द शोभतो. लग्न ठरलं, हॉल मिळाला, फुलवाल्याला सांगायचं राहिलं, हे लूज एंड्स. लग्नच ठरेना, तर ते ‘अप इन द एअर’. आपल्याकडे दोन्हींना सर्रास एकच लेबल लावतात, ते चूक.

आता पोर्ट्समथ, १८१९. जहाज तेच, पण कुणाला त्याची घाई नाही. १८१२मध्ये मागणी नोंदवली तेव्हा युद्ध पेटलेलं होतं. तिच्या बांधणीचे नकाशे घेऊन निघालेलं ‘जावा’ हे ब्रिटिश जहाज अमेरिकनांनी पकडून जाळलं, नकाशे पुन्हा पाठवावे लागले, आणि बांधणी होईतो नेपोलियन हरला होता. काम नसलेल्या माणसाला ब्रिटनमध्ये ‘ॲट अ लूज एंड’ म्हणतात. मुंबईची ही फ्रिगेट तशीच, पंचवीसेक वर्षं राखीव ताफ्यात पडून राहिली.

सध्या ती इंग्लंडात हार्टलपूलला आहे. तिकीट काढून डेकवर जाता येतं.