‘बजेट कमी होतं’ ही सबब चालणार नाही

हॉलिवूडच्या जुन्या स्वस्त जंगलपटांवर टीका केली की एक ठरलेलं उत्तर मिळतं : बजेट कमी होतं, लहान मुलांची करमणूक होती, एवढं काय मनावर घ्यायचं? आम्हाला हे मान्य नाही. आफ्रिकन माणूस पडद्यावर कसा दिसावा, हे पैशाने ठरवलं नाही.

१९३० चा ‘इंगागी’ घ्या. काँगोतला खरा माहितीपट म्हणून तो अमेरिकेत खपवला गेला. आफ्रिकन स्त्रिया गोरिलाला अर्पण केल्या जातात, असं त्यात दाखवलं होतं. प्रत्यक्षात ‘पिग्मी’ म्हणजे लॉस एंजेलिसची कृष्णवर्णीय मुलं होती आणि गोरिला म्हणजे कातडं पांघरलेला चार्ल्स गेमोरा हा नट! १९३३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने हे खोटे दावे थांबवायला लावले. तोवर गल्ला भरून झाला होता.

पुढे मोनोग्राम कंपनीने १९४९ ते १९५५ या काळात ‘बॉम्बा’ मालिकेचे १२ सिनेमे काढले. ‘आफ्रिका स्पीक्स’ या १९३० च्या पटातली जनावरांची दृश्यं त्यांत जोडली. कोलंबियाने जॉनी वाइसमुलरला घेऊन ‘जंगल जिम’ मालिका चालवली. नायक कायम गोरा. स्थानिक माणूस हमाल, नाहीतर भाला घेतलेल्या जमावातला एक.

वुडी स्ट्रोडचंच बघा. १९४६ मध्ये त्याने आणि केनी वॉशिंग्टनने लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळून अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधली वर्णबंदी मोडली. त्याच स्ट्रोडच्या वाट्याला ‘द लायन हंटर्स’ (१९५१) या बॉम्बापटात जंगलातल्या आदिवासीची भूमिका आली. पुढच्याच वर्षी केनियात ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या माऊ माऊ उठावाने आणीबाणी लागू झाली. खरा आफ्रिकन माणूस जमिनीसाठी लढत होता, पडद्यावरचा मात्र गोऱ्याचं ओझं वाहत होता.

आता बजेटच्या सबबीकडे येऊ. १९४० मध्ये ‘सन ऑफ इंगागी’ आला. तोही स्वस्तातलाच भयपट. दिग्दर्शक गोरा होता, पण कथा स्पेन्सर विल्यम्स या कृष्णवर्णीय लेखकाची होती. नावात ‘इंगागी’ आणि गोष्टीत वानरमानव असूनही त्यात नवविवाहित कृष्णवर्णीय जोडपं आहे, त्यांचं घर आहे, संशोधन करणारी कृष्णवर्णीय स्त्री डॉक्टर आहे. सगळे कलावंत कृष्णवर्णीय.

पैसा दोन्हीकडे तुटपुंजाच होता. फरक लेखणी कोणाच्या हातात होती, याचा होता. म्हणून मित्रांनो, एखादा सिनेमा ‘नुसती करमणूक’ म्हणून समोर आला, तर त्याची कथा कोणी लिहिली, हे आधी विचारा.