भारतीय हवाई दलातील मालवाहू विमाने व गनशिप : रसद आणि मारा यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

जुन्नर येथील शिवनेरी किल्ल्यावर अंबरखान्याची इमारत आणि गंगा-जमुना ही पाण्याची टाकी आजही पाहावयास मिळतात. तट-बुरुजांइतकेच धान्यसाठा व पाणी यांवर किल्ल्याचे आयुष्य अवलंबून असे, याची ती साक्ष होय. विसाव्या शतकात वेढ्यातील ठाण्यांना रसद पुरविण्याचे नवे साधन म्हणून विमान पुढे आले. तथापि हवाई युद्धाच्या इतिहासलेखनात लढाऊ विमानांच्या तुलनेत मालवाहू विमाने उपेक्षितच राहिली. भारतीय हवाई दलात रसद वाहणारे विमान निर्णायक ठरले. मात्र त्याच वाहनास शस्त्र बनविण्याच्या प्रयोगांना मर्यादा पडल्या, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

काश्मीर मोहीम : १९४७-४८

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनी पहिल्या शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरविले. खासगी कंपन्यांची विमानेही या कामी घेण्यात आली होती. श्रीनगरचा विमानतळ हातचा गेला असता, तर पुढील मोहिमेचे स्वरूपच बदलले असते.

याहून बोधप्रद उदाहरण पूंछचे आहे. नोव्हेंबर १९४७ पासून सुमारे वर्षभर हे शहर वेढ्यात होते. ब्रिगेडियर प्रीतम सिंग यांच्या शिबंदीबरोबर हजारो निर्वासितही तेथे अडकले होते. कवायतीच्या मैदानावर सैनिक व नागरिकांनी धावपट्टी तयार केली आणि एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तेथे डाकोटा उतरविले. त्यानंतर धान्य, दारूगोळा व डोंगरी तोफा विमानाने येत राहिल्या. परतीच्या फेरीत जखमी व निर्वासितांना हलविण्यात येई. नोव्हेंबर १९४८ मध्ये जमिनीवरून कुमक पोहोचेपर्यंत हे ठाणे टिकले. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांच्यासह लेह येथेही विमान उतरविले. हवेच्या दाबाची सोय नसलेल्या विमानातून हिमालयाच्या रांगा ओलांडण्याचे हे धाडस होते. या मोहिमेतील कामगिरीबद्दल मेहर सिंग यांना महावीर चक्र मिळाले. याच मोहिमेसाठी ते मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर यांनाही लाभले. पुढे १९७६ ते १९७८ या काळात ते हवाई दलप्रमुख होते.

मालवाहू विमान शस्त्ररूपात

काश्मीरमध्येच डाकोटाच्या दारातून बॉम्ब ढकलण्याचा प्रयोग झाला. १९७१ च्या युद्धात विंग कमांडर वशिष्ठ यांच्या नेतृत्वाखाली अँटोनोव्ह-१२ या मालवाहू विमानांनी चांगा मांगा जंगलातील दारूगोळ्याच्या साठ्यावर रात्री बॉम्बहल्ला केला. त्याच युद्धात दिमापूर येथे उभारलेल्या किलो फ्लाइटच्या बंगाली वैमानिकांनी सशस्त्र ऑटर विमान व अलूएट हेलिकॉप्टर वापरून चितगाव व नारायणगंज येथील इंधनसाठ्यांवर हल्ले केले. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये डाकोटाच्याच कुशीवर मशीनगन बसवून गनशिप तयार केली होती. भारताने मात्र तशी विमाने स्वीकारली नाहीत. तात्पुरत्या गरजेपुरती जुळवाजुळव केली.

या पद्धतीची किंमत कारगिलमध्ये मोजावी लागली. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगवर रॉकेट डागणारे एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले व त्यातील चारही जवान धारातीर्थी पडले. मूलतः माणसे व सामान वाहण्यासाठी घडविलेल्या यंत्रावर शस्त्रे चढविता आली, तरी हल्ल्यासाठी घडविलेल्या यंत्राचे कवच त्यास मिळत नाही. यानंतर एमआय-१७ ची माऱ्याची भूमिका थांबविण्यात आली. एमआय-२५ व एमआय-३५ ही खास हल्ल्याची हेलिकॉप्टरे हवाई दलाकडे आधीपासूनच होती. परंतु कारगिलच्या उंचीवर ती उपयोगी पडली नाहीत. २०१९ मध्ये अपाची आणि २०२२ मध्ये उंच प्रदेशासाठी देशातच घडविलेले 'प्रचंड' ही हेलिकॉप्टरे दाखल झाली.

समारोप

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पूंछ व लेह ही ठाणी टिकली, त्यामागे रसदीचे सातत्य होते. शस्त्रसज्ज मालवाहू विमानांनी तातडीच्या प्रसंगी उपयोग सिद्ध केला; पण जोखीम वैमानिकांच्या वाट्याला आली. म्हणूनच युद्धेतिहासाच्या अध्यापनात शौर्यकथांबरोबर रसदीच्या हिशेबासही स्थान मिळणे आवश्यक आहे. अंबरखान्यासमोर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा धागा समजावून देणे अवघड नाही.