मापाचे भाषांतर : घनमीटरापासून औष्णिक एककापर्यंत

पायली हे मूलतः आकारमानाचे माप. एकाच पायलीत भात भरले तर वजन एक, नाचणी भरली तर दुसरे. आणि माप काठाशी सपाट करायचे की शिगोशीग भरायचे, यावर देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा हिशेब पालटे. मराठीत ‘शिगोशीग’ हा शब्द आज अलंकारासारखा वापरला जातो. मुळात तो व्यवहारातील एका अटीचा शब्द आहे. नळाने येणाऱ्या वायूच्या देयकाचा इतिहास याच अटीभोवती फिरतो.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे लागले. त्या काळी वायूचा उपयोग प्रकाशासाठी, म्हणून त्याची प्रत मेणबत्तीच्या उजेडाशी ताडून ठरे, विक्री मात्र घनफुटांनी होई. इंग्लंडात १८५९ च्या कायद्याने घनफूटही पाण्याच्या वजनावरून निश्चित केला होता : ६२ अंश फॅरेनहाइट तापमानाचे ६२.३२१ पौंड शुद्ध पाणी मावेल एवढी जागा. पुढे वायूची जाळी आली, स्वयंपाकघरात वायू शिरला, आणि ग्राहकाला उजेडापेक्षा उष्णता हवी झाली. १९२० च्या ब्रिटिश कायद्याने ‘थर्म’ म्हणजे एक लक्ष ब्रिटिश औष्णिक एकके हे देयकाचे माप ठरवले. या बदलाचे महत्त्व अर्धशतकाने कळले. उत्तर समुद्रातील नैसर्गिक वायू आला तेव्हा त्याच्या एका घनफुटात कोळशाच्या वायूच्या जवळपास दुप्पट उष्णता होती. माप घनफुटाचेच राहिले असते तर दराला अर्थच उरला नसता.

दाभोळहून बेळगाव जिल्ह्यातून बंगळूरपर्यंत जाणारी सुमारे एक हजार किलोमीटरची वाहिनी २०१३ साली कार्यान्वित झाली. नंतरच्या वर्षांत शहरात घरोघरी नळाचा वायू पोहोचू लागला. २००७ पर्यंत स्वतंत्र नगरसभा असलेले महादेवपुरा याच शहराच्या पूर्व अंगाला आहे. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, आणि ही उंची येथे केवळ भूगोलाची बाब राहत नाही. तेथील हवेचा दाब ९०७ मिलिबारच्या आसपास, मुंबईत १०१३. घरातील नळीचा सुमारे २१ मिलिबार दाब दोन्हीकडे मिळवला, तर समान तापमानाला बंगळूरच्या एका घनमीटरात मुंबईच्या घनमीटरापेक्षा सुमारे दहा टक्के कमी वायू मावतो. मीटरवरचा काटा हा फरक जाणत नाही. तो फक्त जागा मोजतो. म्हणून १५ अंश सेल्सिअस व १०१३.२५ मिलिबार या अटींवरचा ‘प्रमाण घनमीटर’ मानावा लागतो. सपाट पायली म्हणजे हीच.

यानंतर दुसरे भाषांतर. एका प्रमाण घनमीटरात १०,००० किलोकॅलरी उष्णता धरली, तर ती सुमारे ३९,७०० ब्रिटिश औष्णिक एकके, अथवा ११.६३ किलोवॅट-तास होते. दहा लक्ष एककांसाठी सुमारे २५.२ प्रमाण घनमीटर लागतात. पण १०,००० हा आकडा सोयीचा आहे. समुद्रमार्गे आलेला द्रवरूप वायू कोणत्या खाणीचा, त्यात इथेन किती, यावर तो कमीअधिक होतो. देयकावर दाबाचा गुणक आणि उष्मांक दोन्ही छापलेले नसतील, तर गृहिणीला मीटर वाचता येतो, देयक वाचता येत नाही.

‘उष्णता’ या शब्दाचाही एकच अर्थ नाही. ज्वलनात तयार झालेल्या वाफेतील सुप्त उष्णता हिशेबात घेतली तर स्थूल मूल्य, वगळली तर निव्वळ. भारत सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून देशी वायूचा दर दशलक्ष एककांमागे ५.०५ डॉलर ठरवला तो स्थूल मूल्यावर. निव्वळ मूल्यावर तोच दर ५.६१ डॉलर होता. वायू तोच होता, रक्कमही तीच. वृत्तपत्रांत मात्र दोन्ही आकडे फिरत राहिले.