मास्टर भगवान : मूकपटातून घडलेला देहाभिनय आणि प्रदीर्घ कारकीर्द

प्रस्तावना :
भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर आणि 'प्रभात फिल्म कंपनी' यांच्या कार्याची नोंद विस्ताराने झाली आहे. त्या तुलनेत केवळ शारीरिक हालचालींतून हसविणाऱ्या नटाची दखल अल्प प्रमाणात घेतली गेली. भगवान आबाजी पालव ऊर्फ मास्टर भगवान (१९१३-२००२) हे याचे ठळक उदाहरण होय. अमरावती येथे जन्मलेले, गिरणी कामगाराचे पुत्र असलेले मास्टर भगवान मुंबईच्या कामगार वस्तीत वाढले. प्रस्तुत लेखात त्यांच्या देहाभिनयाची जडणघडण व त्याचे सामाजिक मूल्य यांचा विचार केला आहे.

मूकपटाचा संस्कार :
१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. त्याच सुमारास भगवान यांनी 'बेवफा आशिक' या मूकपटातून पडद्यावर पाऊल ठेवले. मूकपट मावळत असताना त्यांचा प्रवेश झाला हे लक्षणीय आहे. मूकपटात संवादाच्या पाट्या असत. परंतु अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकापर्यंत अर्थ पोहोचविण्याचे काम नटाच्या चेहऱ्याला, खांद्यांना आणि पायांनाच करावे लागे. चार्ली चॅप्लिन यांनी १९३१ मध्येही 'सिटी लाइट्स' संवादाविना सादर केला, यावरून या भाषेचे सामर्थ्य ध्यानात येते. भगवान यांच्या अभिनयाचा पाया हाच होय.

स्टंटपटांचे दशक :
१९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासह त्यांनी 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. त्यानंतरच्या दशकात त्यांनी अल्प खर्चाचे अनेक स्टंटपट काढले. पैशाच्या अभावी वेशभूषेपासून कलावंतांच्या जेवणापर्यंतची व्यवस्था ते स्वतः पाहत. या चित्रपटांचा प्रेक्षक मुख्यतः श्रमिक होता. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला पडद्यावरील मारामारी, उडी आणि फजिती समजावून सांगावी लागत नसे.

या देहप्रधान अभिनयाला एक काळी बाजूही होती. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान यांनी मारलेली थप्पड जोरात बसल्याने ललिता पवार यांच्या चेहऱ्यास पक्षाघात झाला आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेच्या भूमिकांचा त्यांचा मार्ग त्यामुळे खुंटला. पडद्यावरील खेळाची किंमत कलावंताचे शरीर कशी चुकविते, हे या अपघातातून दिसते.

'अलबेला' : हालचालींची काटकसर
१९५१ च्या 'अलबेला'त भगवान निर्माता, दिग्दर्शक व नायक होते. गीता बाली नायिका, तर सी. रामचंद्र संगीतकार होते. नोकरी गमावलेला, रंगभूमीचे स्वप्न पाहणारा प्यारेलाल हा नायक रूढ अर्थाने देखणा नव्हता. ठेंगणा, स्थूल बांधा, किंचित वाकलेले गुडघे, हलकेच झुलणारे हात आणि कमरेची मोजकी लय एवढ्यावर ते नृत्य उभे राहिले. स्टंटपटातील जोर येथे संयमात परिवर्तित झाला. नृत्याचे शिक्षण नसलेल्या माणसालाही हे पदन्यास आपलेसे वाटले. पुढे अमिताभ बच्चन यांच्या नृत्यशैलीत त्यांचा प्रभाव जाणवतो.

उत्तरकाळ :
'झमेला' (१९५३) आणि 'लाबेला' (१९६६) यांना तसे यश लाभले नाही. आर्थिक ओढाताणीत जुहूचा बंगला व मोटारी गेल्या आणि ते दादरच्या चाळीत राहू लागले. तथापि अभिनय थांबला नाही. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५), 'चोरी चोरी' (१९५६) यांसह पुढील अनेक दशके ते छोट्या भूमिका करीत राहिले. पुष्कळदा त्यांच्या वाट्याला केवळ त्याच नृत्याची चार पावले येत. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये 'एक अलबेला' या मराठी चित्रपटात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका साकारली.

निष्कर्ष :
मास्टर भगवान यांची कारकीर्द सामान्यतः वैभव आणि दारिद्र्य यांची करुण कथा म्हणून सांगितली जाते. ती अपुरी आहे. मूकपटाने दिलेली देहाची भाषा त्यांनी बोलपटात जपली आणि श्रमिकाच्या अंगकाठीला नायकपद मिळवून दिले, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य होय. त्यांचे बहुतेक स्टंटपट आज पाहावयास मिळत नाहीत. त्यामुळे केवळ उपलब्ध 'अलबेला'वरून त्यांचे मूल्यमापन होते. श्रमिकांच्या करमणुकीची साधने जतन करण्याजोगी मानली गेली नाहीत, तर त्या वर्गाचा सांस्कृतिक इतिहासही अपूर्णच राहील.