शिक्षक 'कामगार' का ठरला नाही?

१/७
वसई पूर्वेला वालीवच्या कारखान्यांपासून शाळा फार दूर नाहीत. यंत्रांच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना अधिनियमातील व्यवसायजन्य आजारांच्या अनुसूचीत पुढे समाविष्ट झाला. गच्च भरलेल्या वर्गात वर्षानुवर्षे मोठ्याने बोलून बसलेला शिक्षिकेचा आवाज त्या यादीत कधीच आला नाही. या भेदाला इतिहास आहे.

२/७
'कामगार' कोण, हे १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाने कामाच्या स्वरूपावरून ठरवले : अंगमेहनतीचे, कुशल, तांत्रिक, कारकुनी वगैरे. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'उद्योग' या संज्ञेची व्याप्ती वाढवली. शिक्षणसंस्थाही तिच्या कक्षेत आल्या.

३/७
मग त्या उद्योगात राबणारा शिक्षक कोण? गोव्यातील एका शाळेने सेवेतून काढलेल्या शिक्षिकेच्या खटल्यात १९८८ मध्ये उत्तर मिळाले. शाळा उद्योग आहे, पण शिक्षिका कामगार नाही. कारण विद्यादान हे उदात्त कार्य आहे. शाळेतला कारकून कामगार ठरू शकत होता, शिक्षिका नाही. गौरवाच्या शब्दांनीच तिला कामगार कायद्याच्या संरक्षणाबाहेर ठेवले.

४/७
महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम होता. तो १९८१ मध्ये अमलात आला. बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येऊ लागली. नोकरी सुरक्षित झाली. कामामुळे जडणाऱ्या आजाराचा प्रश्न मागेच राहिला.

५/७
ग्रॅच्युइटीचीही तीच कथा. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या कायद्यातील 'कर्मचारी' नाही, असे ठरवले. संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खाजगी शाळांनी या दुरुस्तीला आव्हान दिले. २०२२ मध्ये न्यायालयाने ती वैध ठरवली.

६/७
वास्तविक, युनेस्को व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६६ च्या शिफारशीत शिक्षकांच्या ठरावीक काळाने विनामूल्य वैद्यकीय तपासणीचा उल्लेख होता. परंतु शिफारस बंधनकारक नसते.

७/७
२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातले. वर्ग लहान, तर आवाजावरचा ताण कमी. पण हे प्रमाण ठरले ते मुलांच्या हक्कासाठी. शिक्षकाच्या घशाला दिलासा मिळालाच, तर तो विद्यार्थ्याच्या नावाने. अध्यापन हेही शरीर झिजवणारे श्रम आहेत, हे मान्य होऊन नव्हे.