विरळ हवेचा हिशेब

कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठावर आहे. रुक्मिणीचे माहेर म्हणून सारा महाराष्ट्र या गावाला ओळखतो. समुद्रसपाटीपासून उंची साधारण तीनशे मीटर, त्यामुळे इथे गाडीच्या इंजिनाला हवा कमी पडत नाही. चिखलदऱ्याला, म्हणजे १,११८ मीटरवर, जुनी डिझेल जीप थोडी धापा टाकते, काळा धूर सोडते आणि परतवाड्याला उतरली की पुन्हा नीट चालते. पण अलीकडे अमरावती-अकोल्याकडची तरुण पोरे स्वतःच्या गाड्या घेऊन थेट लडाख गाठू लागली आहेत. निघण्याआधी इंजिनाची ताकद वाढवून घेण्याची टूमही आली आहे. माझे काही जुने विद्यार्थी गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली काम करतात. ते विचारतात, "सर, टर्बो आहे ना, मग उंचीची काय चिंता?" या प्रश्नाचे उत्तर टर्बोच्या इतिहासात आहे.

हवेला वजन असते, हे माणसाला हळूहळू कळत गेले. मर्व शहरातल्या अल-खाझिनीने ११२१मध्ये तराजूवर 'मीझान अल-हिक्मा' हा ग्रंथ लिहिला. हवा दाट की विरळ, यावर तीत तोललेल्या वस्तूचे वजन थोडे बदलते, हा विचार त्यात आहे. पुढे १६४३मध्ये इटलीत तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब दाखवला. १६४८मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने ती नळी फ्रान्समधल्या एका डोंगरावर नेली आणि वर पारा खाली आलेला पाहिला. उंचीवर दाब कमी होतो, हे तिथे सिद्ध झाले. लेहला (सुमारे ३,५०० मीटर) हा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश असतो. खारदुंग ला खिंडीत (५,३५९ मीटर) तो जवळजवळ निम्म्यावर येतो.

इंजिनाला इंधनाइतकीच हवाही लागते. हवा निम्मी मिळाली तर ताकदही त्याच बेताने घटते. जुन्या डिझेल पंपातून इंधन मात्र तेवढेच येते. ते पुरते जळत नाही, म्हणून काळा धूर निघतो.

या दुखण्यावरचा इलाज सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूत सापडला. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५मध्ये त्याचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या वायूने एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही त्याची कल्पना. तिची खरी निकड पहिल्या महायुद्धातल्या विमानांना भासली. फ्रान्समध्ये ऑगस्त रातो आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा सॅनफर्ड मॉस या कामाला लागले.

मॉसने १९१८मध्ये जी चाचणी घेतली, ती मला या इतिहासातली सर्वांत बोलकी घटना वाटते. विमान उंच नेऊन तिथे इंजिनाची ताकद मोजणे अवघड होते. म्हणून त्याने 'लिबर्टी' हे विमानाचे इंजिन ट्रकवर चढवले आणि कोलोराडोतल्या पाइक्स पीक शिखरावर, १४,१०९ फुटांवर नेले. खाली हे इंजिन सुमारे ३५० अश्वशक्ती देत होते. शिखरावर टर्बोशिवाय ते २३०वर आले आणि टर्बो लावताच ३५६वर गेले. म्हणजे टर्बोचे पहिले मोठे काम वेग वाढवण्याचे नव्हतेच. डोंगराने हिरावलेली ताकद परत मिळवण्याचे होते.

मोटारींत टर्बो १९६२मध्ये अमेरिकेत आला. ओल्ड्समोबिल जेटफायर या गाडीत इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीतून द्यावे लागे. मालक ती टाकी भरायला विसरत. दाबलेली हवा तापते, आणि त्या उष्णतेची किंमत कुठेतरी मोजावीच लागते, हा धडा तेव्हाच मिळाला. आपल्याकडे पुण्यात बनलेली टाटा सफारी (१९९८) आणि नाशिकची महिंद्रा स्कॉर्पिओ (२००२) यांनी टर्बो डिझेल घराघरांत ओळखीचे केले. लष्कराच्या गाड्या मैदानात चालतात तशा हिमालयातही चालाव्या लागतात. त्या वाहनांच्या संशोधनाचे आणि चाचण्यांचे केंद्रही महाराष्ट्रातच, अहमदनगरला (आता अहिल्यानगर) आहे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, खाली बाहेरच्या हवेचा दाब १ बार आहे आणि टर्बो वरून १ बार भरतो. इंजिनाला एकूण २ बार मिळतात. खारदुंग लावर बाहेरचा दाब ०.५२. साध्या स्प्रिंगच्या वेस्टगेटचा टर्बो तिथेही वरून १ बारच देईल. एकूण झाले १.५२. साध्या इंजिनाचा दाब ४८ टक्क्यांनी घटला, टर्बोवाल्याचा २४ टक्क्यांनी. टर्बोने तोटा निम्मा केला, पुसून टाकला नाही.

मग कुणी म्हणेल, बूस्ट वाढवून पुन्हा २ बार करू. त्यासाठी टर्बोला बाहेरची हवा जवळजवळ चौपट दाबावी लागेल. खाली ती दुप्पट दाबून भागत होते. मुळातच मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारणारी ती चाके आणखी वेगाने फिरतील, हवा जास्त तापेल आणि विरळ वाऱ्यात इंटरकूलरही तिला नीट थंड करू शकणार नाही. म्हणूनच आजच्या गाड्यांचा संगणक बाहेरचा दाब मोजतो आणि उंचीवर बूस्ट मुद्दाम आवरता घेतो. रीमॅप करताना हा लगाम काढला, तर टर्बोचा दांडा आणि बेअरिंग यांचे आयुष्य पणाला लागते.

मोठा धोका उतरताना असतो. वर २ बार मिळावेत म्हणून कुणी स्क्रू पिळून बूस्ट १.४८वर नेला आणि तशीच गाडी मैदानात आणली, तर एकूण दाब २.४८ होतो. पेट्रोल इंजिनात ठोके पडतात, हेड गॅस्केट जाते, पिस्टन फुटतो. बूस्टचा काटा बाहेरच्या हवेला शून्य धरतो आणि ते शून्य प्रत्येक गावी वेगळे असते. कौंडण्यपूरचे शून्य लेहचे शून्य नव्हे. काटा वाचताना आपण कुठे उभे आहोत, हे आधी पाहावे लागते.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. कंपनीने दिलेली मांडणी बदलू नका. एअर फिल्टर स्वच्छ ठेवा. चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन फिरते ठेवा, कारण कमी फेऱ्यांवर टर्बो जागा होत नाही. खिंड चढून थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटे तसेच चालू द्या. तापलेल्या बेअरिंगला तेल मिळत राहते.

मॉसबद्दल एक गोष्ट मुलांना मी आवर्जून सांगतो. सोळाव्या वर्षी तो सॅन फ्रान्सिस्कोच्या एका कारखान्यात उमेदवारी करत होता. तिथे हवा दाबणारी यंत्रे बनत. पुढे तो विद्यापीठात गेला, डॉक्टरेट मिळवली आणि १९४०ची कॉलियर ट्रॉफी त्याच्या टर्बोच्या कामाला मिळाली. कारखान्यात शिकलेला हात आणि वहीतला हिशेब त्याने एकमेकांपासून तोडले नाहीत. आपल्याकडे गॅरेजमध्ये जाणाऱ्या मुलाची शाळा सुटली की हिशेबही सुटतो, आणि शाळेत राहिलेल्याचा हात कधी काळा होत नाही. वरच्या बेरजा-भागाकारांना सातवीचे गणित पुरते. ते शिकलेला मिस्त्री समोरच्या गिऱ्हाइकाला स्क्रू पिळण्याआधी ठामपणे 'नाही' म्हणू शकतो. घाटात त्या 'नाही'वर चार जणांचा जीव अवलंबून असतो.