पाय धुणारा गुरू

आपल्या वऱ्हाडात पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी देतात. पण पाण्याचा लोटा पुढे करणे निराळे आणि खाली बसून दुसऱ्याचे पाय धुणे निराळे. येशू ख्रिस्ताच्या काळी पॅलेस्टाईनात हे काम घरच्या दासाचे. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र शेवटच्या भोजनाच्या वेळी गुरूच कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. शिक्षकबंधूंनो, इथे वाकला तो गुरू, शिष्य नव्हे. आपण नम्रपणा शिकवतो तो बहुधा गड्याला नाहीतर पोराला. पाटलाला कोण शिकवणार? खालच्यानेच वाकायचे, तर ती लाचारी झाली.

या गोष्टीचा वऱ्हाडातला अर्थ अचलपूरजवळ कोठाऱ्याला पाहायला मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिशनऱ्यांनी तिथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. या रोगात पाय बधिर होतात. काटा रुतला तरी समजत नाही आणि जखम चिघळते. औषधे आली, तरी असे पाय रोज पाण्यात भिजवायचे, घट्टे घासायचे, तेल लावायचे हे सुटत नाही. आता मिशनऱ्यांतही उपकाराचा ताठा नव्हता असे नाही. पण दुसऱ्याची जखम रोज धुताना तो ताठा फार दिवस टिकणे कठीण.

त्या भोजनाच्या वेळी पेत्र या शिष्याने पाय मागे घेतले होते. सेवा करणे एकवेळ जमते, घेणे जड जाते. याचे मराठीतले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. वडिलांचे सोवळे विलक्षण कडक, त्यातच त्या वाढलेल्या. पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. काही वर्षांनी बाई त्यांच्याजवळ राहायला आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळे! पुढे त्यांनी स्वतःशीच विचार करून ठरवले की जात माणसाने केलेली आहे, आणि कुणाच्याही हातचे पाणी घ्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

‘स्मृतिचित्रे’त आपल्या सोवळ्याच्या हट्टाची हकीकत सांगताना त्या स्वतःलाच हसतात. तुमच्या शाळेच्या कपाटात ते पुस्तक असेल, तर तेवढी पाने वर्गात वाचून दाखवा.